लायसन्स माझ्या नावावर

४ जानेवारी

वही पुन्हा सुरू करतेय. वॉर्डात सिस्टर होते तेव्हा ड्युटी संपताना रिपोर्ट लिहायची सवय होती. निवृत्त झाल्यावर रिपोर्ट द्यायला कोणी उरलं नाही, सवय मात्र गेली नाही. शिवाय सोय अशी की ही वही टेबलावर उघडी टाकली तरी चालते. घरात आम्ही दोघंच. एक मी, आणि एक माझा धाकटा भाऊ, त्याला सात वर्षांपासून दिसत नाही.

आज लिहायचं कारण म्हणजे त्याच्या ऑफिसचं पत्र. बाळ्या (बावन्न वर्षांचा घोडा झालाय, पण मी दुसरं काय म्हणणार?) हॉस्पिटलांचे रिपोर्ट टाइप करतो. डॉक्टर बोलून ठेवतात, हा घरी बसून ते ऐकतो आणि लिहून काढतो. पडद्यावरचं सगळं त्याला कॉम्प्युटरच बोलून दाखवतो. त्या प्रोग्रॅमला आम्ही घरात ‘वाचक’ म्हणतो. हा वाचक चोरीचा आहे. डोळे गेले त्या वर्षी कोणीतरी आणून टाकला होता, तेव्हा कायदा कोणाला सुचतोय! आता ऑफिस म्हणतं, पेशंटांची खासगी माहिती असते, तेव्हा महिनाअखेरीपर्यंत प्रत्येकाच्या मशीनवर सगळं लायसन्सचं आणि नवं हवं. नसेल तर काम बंद.

काम बंद म्हणजे काय ते मला माहीत आहे. डोळे गेल्यावर पहिली दोन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. या कामाने त्याला उठवून बसवला. ते दिवस मला परत नकोत.

“मी बघतो सगळं,” तो म्हणाला. “कंपनीशी बोलतो, दुरुस्तीवाल्याला बोलावतो.”

“तू कशाला? मी आहे ना.”

त्यावर तो आत जाऊन आडवा झाला. दमला असेल.

७ जानेवारी

दुरुस्तीवाला येऊन मशीन उघडून बसला. आतून धुळीचा एवढा थर निघाला की मला लाज वाटली. जन्मभर वॉर्ड आरशासारखा ठेवला, आणि घरात हे.

“काकू, पेटी म्हातारी आहे, पण हाडं मजबूत आहेत,” तो म्हणाला. “नवी सिस्टीम चढेल. वाचकाचं लायसन्स घेतलं की नवी आवृत्तीही बसेल. फक्त मेमरी वाढवावी लागेल. नाहीतर वाचक भरभर बोलायला लागला की अडखळणार.”

मग तो बाळ्याकडे वळून म्हणाला की फुकट मिळणाराही एक वाचक आहे. तोही कायदेशीर, ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून बनवलेला, त्याला ना लायसन्स लागतं ना कोणाची परवानगी. बाळ्याने लगेच मान वर केली. मी मध्येच म्हटलं, फुकटचं नको. चोरीचाही फुकटच होता, त्यातूनच तर हे सगळं उभं राहिलं. हातात पक्की पावती असली म्हणजे कोणाच्या बापाला भ्यायला नको.

बाळ्याचं आपलं एकच पालुपद होतं, माझे शब्द. पाच वर्षांत त्याने वाचकाला औषधांची, आजारांची नावं कशी म्हणायची ते शिकवलंय. शिवाय दोन अक्षरं मारली की पूर्ण वाक्य उमटेल अशी खूप जोडणी केली आहे. “ते सगळं आधी काढून घ्यायचं, मगच मशीनला हात लावायचा,” तो दुरुस्तीवाल्याला म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. शनिवारी दोघांनी मिळून करायचं ठरलं. नवी सिस्टीम चढत असताना कॉम्प्युटर मुका असतो. तेवढ्यापुरते डोळे दुरुस्तीवाल्याचे, बाकी सगळं बाळ्या करणार.

ते झाल्यावर त्याने चहाही स्वतःच ओतला. कपाच्या काठावर बोट धरतो आणि चहा बोटाला लागला की थांबतो. मी त्याचा हात धरला. “भाजेल. आणि स्वच्छता म्हणून काही असते.”

“ताई, माझे डोळे गेलेत. बोटं आहेत अजून.”

जीभ मात्र आईची घेतली आहे त्याने.

१० जानेवारी

करून टाकलं! शनिवारची वाट बघत कोण बसतंय. सकाळी बाळ्या केस कापायला गेला. हल्ली काठी घेऊन एकटाच जातो. आधी कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत, आता चौकाच्याही पुढे. विचारलं तर ‘सराव’ म्हणतो. कसला सराव देव जाणे. तो बाहेर पडल्याबरोबर मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. परत येईल तेव्हा सगळं नवं कोरं तयार! त्याचा चेहरा कसा खुलेल तेच सारखं मनात येत होतं.

पडद्यावर प्रश्न आला, जुनं ठेवायचं की सगळं पुसून नव्याने टाकायचं. दुरुस्तीवाल्याचा हात थांबला.

“काकू, त्यांचे ते शब्द आहेत. ते आले की करू.”

“त्याचं जपून ठेवणं मला नको सांगू. लहानपणी सुतळीचे तुकडेसुद्धा डब्यात भरून ठेवायचा. चोरीच्या प्रोग्रॅमची घाण नव्यात कशाला? जखम धुतल्याशिवाय कोणी पट्टी बांधतं का?”

“पण निदान विचारून...”

“पेशंटला विचारत बसले असते तर एकालाही इंजेक्शन देऊन झालं नसतं माझं. कर साफ.”

केलं त्याने. मग लायसन्स कोणाच्या नावाने घ्यायचं असं विचारलं. मी माझंच नाव सांगितलं. फोन नंबर माझा, मेलही माझी. घर, वीज, पाणी सगळं माझ्या नावावर आहे, हे एक वेगळं कशाला? पासवर्ड तेवढा बाळ्याला सांगणार नाही, उगाच त्याच्या डोक्याला ताप. मेमरी काही वाढवली नाही. वाचक हळू बोलला तर अडखळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटलं. जुना वाचक शिवणयंत्र चालल्यासारखा बोलायचा, बाळ्याला सगळं कळायचं आणि मला अक्षर नाही. हा कसा बातम्या दिल्यासारखा स्वच्छ बोलतो.

११ जानेवारी

चेहरा खुलला नाही.

काल तो आला, बसला, कळ दाबली. नवा आवाज आला. त्याने त्याची ती दोन अक्षरं मारली, काही उमटलं नाही. पुन्हा मारली, मग जोरात मारली. एका औषधाचं नाव वाचकाने असं काही मोडून तोडून म्हटलं की मला हसू आलं. मी एकटीच हसले.

“माझे शब्द कुठे आहेत?”

“जुनं सगळं साफ केलं. आता नवं शिकव ना त्याला. लायसन्सचा आहे.”

“किती वेळ लागला पुसायला?”

“अर्धा तासही नाही,” मी कौतुकाने म्हटलं.

तो उठून खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. जेवायला आला नाही. आज दुरुस्तीवाला पुन्हा आला, मान खाली घालून बराच वेळ खटपट करून गेला. पुसलेलं परत मिळालं नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

२५ जानेवारी

ऑफिसच्या माणसाने दुरूनच मशीनमध्ये शिरून तपासणी केली. पास! “बघ,” मी बाळ्याला म्हटलं.

“हो,” तो म्हणाला. “लायसन्स पास झालं.”

काम मात्र रखडतंय. पूर्वी दुपारपर्यंत उरकायचं ते दिवे लागले तरी संपत नाही. एकेक औषध अक्षर अक्षर फोडून ऐकतो. मी शेजारी बसून सांगू का म्हटलं, औषधं माझी तोंडपाठ आहेत. आधी नको म्हणाला. काल त्यानेच हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून उरलेले रिपोर्ट संपवले. फार बरं वाटलं. किती वर्षांनी मला कोणीतरी डोस विचारत होतं.

५ फेब्रुवारी

ऑफिसने काम काढून घेतलं. वेळेत होत नाही म्हणे. इतकी वर्षं कधी उशीर न केलेल्या माणसाला एका ओळीचा निरोप. वाचकाने ती ओळ सावकाश, स्पष्ट वाचली, मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. मी ऑफिसात फोन करून त्यांना चांगलं झाडणार होते, बाळ्या नको म्हणाला.

“निदान लायसन्स नव्हतं म्हणून तरी नाही गेलं काम,” मी समजूत घातली.

तो हसला. असं हसला की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

९ फेब्रुवारी

पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मला भीती वाटते. सकाळी पेपर वाचून दाखवते, चहाचा कप हातात देते, शर्टाची बटणं लावते. त्याची काठी माळ्यावर टाकली. बाहेर जायचं तो नाव काढत नाही आणि ती सारखी पायात येते. एवढं मात्र खरं की दिवसभर कोणाचं तरी काही करायला असतं. सकाळी उठताना मला उगाच बरं वाटतं. हे लिहिलेलं चांगलं दिसत नाही, पण आहे ते आहे.

१३ फेब्रुवारी

आज भलतंच ऐकलं. कॉम्प्युटरला कानातली वायर लावायची जागा कधीची मोडली आहे. जुना वाचक मला कळतच नव्हता, म्हणून ती दुरुस्त करायचं कोणाच्या मनात आलं नाही. आज मी दाराबाहेर कपडे घडी करत होते आणि आत वाचक मेल वाचत होता. मेल एका बाईची. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात टेलिफोनवर असते, तिलाही दिसत नाही. वर्षभर तो फोनवर कोणाशी तरी तासन् तास बोलतो, ती हीच असणार, फोनवाली.

“आमच्या रेकॉर्ड विभागातली जागा अजून रिकामी आहे,” वाचक वाचत होता. “वीस तारखेला चाचणी घेतील, तुम्ही घरूनच द्यायची. स्वतःचा लॅपटॉप आणि त्यावर कायदेशीर वाचक हवा. माझ्या वरच्या मजल्यावरची खोली मी तुमच्यासाठी सांगून ठेवली आहे. चालायचा सराव सोडू नका, स्टेशनबाहेर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आणि ताईंना आता तरी सांगा.”

म्हणजे तो सराव हा होता! ही जागा हातची गेली तर या वयात दुसरी मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण गॅस कोण बघणार? औषध कोण देणार? मला सांगायचं धाडस नाही, आणि निघालेत मोठे रस्ते ओलांडायला. त्याला काही बोलले नाही. मला ऐकू येतं हे कळलं तर तो मेल उघडणारच नाही.

१७ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला लॅपटॉप देऊन गेला. मग बाळ्याने मला बसवलं आणि सगळं सांगितलं. मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं.

“इथे काय कमी आहे तुला?”

“काहीच कमी नाही, ताई. म्हणून तर.”

म्हणून तर काय, ते मला कळायच्या आत त्याने लॅपटॉप उघडला.

लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं. जुन्यावरून काढून लॅपटॉपवर टाकायचं तर नाववाल्याच्या फोनवर कोड येतो आणि दहा मिनिटांत तो घालावा लागतो. नाव माझं. माझा फोन वाजला.

“आला वाटतं. वाच ना, ताई.”

“थांब हं. चष्मा कुठे ठेवला मी?”

खरंच सापडेना. टेबलावर बघितलं, खिडकीत बघितलं, गादी उचलून बघितली. तो कळांवर बोटं ठेवून बसून होता. वेळ संपल्यावर डोक्यावर हात गेला, तर चष्मा तिथेच. वय झालं, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी

आज त्याने पुन्हा कोड मागवला. मी सांगितलं, रेंज नाही, मेसेज आलाच नाही.

“आत्ताच तर दूधवाल्याशी बोलत होतीस.”

बोलायचं वेगळं, मेसेजचं वेगळं. बोलायला रेंज कमी लागत असेल.

चाचणी उद्या आहे. त्याने तिसऱ्यांदा मागितला नाही. मागितला असता तर दिला असता. बहुतेक दिला असता.

२० फेब्रुवारी

चाचणीच्या वेळी तो मुक्या लॅपटॉपसमोर बसून राहिला. वेळ टळून गेल्यावर झाकण लावलं. संध्याकाळी निरोप आला, जागा दुसऱ्या कोणाला दिली. मी त्याच्या आवडीची भाजी केली होती. त्याने निमूटपणे खाल्ली, छान झाली म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

फोनवालीचा फोन आला, तोही माझ्या फोनवर. बाळ्याचा दोन दिवस बंद आहे.

“ताई, आपली ओळख नाही, पण तुमचा आवाज ओळखते मी. त्यांच्याशी बोलताना मागे सारखा ऐकू येतो.”

मी गॅस बंद केला.

“मी जन्मापासून आंधळी,” ती म्हणाली. “माझी आईसुद्धा माझं सगळं स्वतःच्या नावावर करायची. प्रेमानेच करायची.”

“मग?”

“मग काय, मी निघाले. तेव्हा ती दारात उभी होती असं म्हणतात. मला कुठे दिसतंय.” मग म्हणाली, “त्यांना द्या फोन. फुकटचा वाचक टाकून घेऊ. एकेक कळ मी सांगते.”

“मग चाचणीच्या आधीच का नाही टाकला?” मी जरा तडकूनच विचारलं.

“मी म्हटलं होतं त्यांना. तर म्हणाले, ताईने हौसेने घेऊन दिलंय, तेच वापरू, तिला बरं वाटेल. आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होते, ताई देईल कोड.”

मी फोन नेऊन दिला. मग मोरीत गेले आणि नळ सोडून बसले.

२३ फेब्रुवारी

त्याच्या खोलीतून पुन्हा शिवणयंत्र चालल्यासारखा आवाज येतोय. लॅपटॉप नवा आहे, वाचक कितीही भरभर बोलला तरी अडखळत नाही. दाराशी उभी राहिले. अक्षर कळलं नाही.

१ मार्च

गेला. तिथे त्याला नोकरी नाही. फोनवालीच्या रजेच्या दिवसांत टेलिफोनवर बदली काम, एवढंच. तेवढ्यावर चालला.

सकाळी म्हणाला, “माझी काठी कुठे आहे?” माळ्यावर आहे म्हटलं. मी काढून देते म्हणेपर्यंत स्वतः स्टुलावर चढला. मी ओरडत होते, पडशील, पडशील. पडला नाही. चाचपून काठी काढली, उतरला, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली.

दारात थांबून त्याने हात पुढे केला. मला वाटलं, लहानपणी करायचा तसा गाल चाचपतोय. त्याचा हात गालावरून वर केसांत गेला. तिथे माझा चष्मा होता. त्याने तो हळूच खाली ओढून माझ्या नाकावर नीट बसवला.

“इथे असतो तो,” म्हणाला आणि जिना उतरून गेला.

चष्मा लावून मी खिडकीतून बघत राहिले. कोपऱ्यावर गेला, चौकात गेला, पुढे दिसला नाही. वाटेत काठी कुठेच अडली नाही.

६ मार्च

घरात काही आवाजच नाही. आज त्याच्या खोलीत जाऊन जुना कॉम्प्युटर लावला. वाचक बोलायला लागला, तसाच सावकाश, मला कळेल असा. बाळ्याची मेल आली होती. तीन वेळा ऐकली.

“ताई, नीट पोचलो. खोलीत ऊन येतं, हाताला लागतं. चहा मीच ओततो. रस्ता मोठा आहे, पण लोक थांबतात. ते लायसन्स आता उगाच चालू ठेवू नकोस. दोन महिन्यांच्या आत रद्द केलं तर पैसे परत देतात. ते तुझे आहेत. तुझ्या फोनवर कोड येईल, तेवढा घाल.”

दोन महिने संपायला थोडेच दिवस उरले आहेत. रद्द केलं की हा वाचकही मुका होणार, पण म्हटलं, हे तरी त्याच्या मनासारखं करावं. वाचक सांगत गेला तशा कळा दाबत गेले. हे बटण, ते बटण, रद्द करायचं का, हो. फोन वाजला, कोड आला. वाचायला घेतला तर अक्षरं पुसट. डोक्यावर हात नेला, तिथे चष्मा नव्हता. उशीखाली बघितलं, खिडकीत बघितलं, स्वयंपाकघरात जाऊन आले. वाचक आपला दर मिनिटाला सावकाश सांगत होता, कोड घाला, कोड घाला.

या वेळी खरंच सापडला नाही.